लेकरू दुसऱ्या राज्यातलं, नोकरी फौजेची: दत्तक घेण्याआधी कायदा आणि शरियत समजून घ्या

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात पोस्टिंगवर असलेल्या जवानांच्या घरांतून एक प्रश्न वरचेवर येतो. निकाहाला बरीच वर्षे झाली, मूल नाही. सीमेपलीकडे तेलंगणा किंवा छत्तीसगडमध्ये एक गरीब आई आपलं लेकरू द्यायला तयार आहे. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं तर चालेल का?

आमचं उत्तर स्पष्ट आहे: चालणार नाही.

आपसांत दत्तकपत्र करण्याची सोय १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात आहे. तो कायदा मुस्लिमांना लागू नाही. आपल्यासाठी बाल न्याय कायदा, २०१५ आहे. त्याची प्रक्रिया टाळून मूल घेतलं किंवा दिलं तर कलम ८० खाली ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे देऊन मूल घेतलं तर कलम ८१ लागतं आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत जाते. आईला खरोखर सांभाळणं शक्य नसेल, तर तिने जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे जावं. तिला फेरविचारासाठी २ महिने मिळतात. मात्र ते मूल तुम्हालाच मिळेल असं नाही, ते प्रतीक्षा यादीप्रमाणे जातं.

शरियत काय सांगते?

सूरह अहजाबच्या आयत ४ आणि ५ मध्ये सांभाळलेल्या मुलाला त्याच्या खऱ्या वडिलांच्या नावाने ओळखण्याचा हुकूम आहे. हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे यतीमाला जीव लावून वाढवणं, ज्याला कफाला म्हणतात, ते मोठ्या सवाबाचं काम. वलदियत बदलणं मात्र मना आहे. सांभाळलेलं मूल आपोआप वारसही होत नाही. त्याला हयातीत हिबा करता येतो, किंवा एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते.

पडद्याचा प्रश्नही आधीच सोडवता येतो. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दूध पाजल्याने नातं जुळतं. मुलगा असेल तर पत्नीने किंवा तिच्या बहिणीने, मुलगी असेल तर पत्नीने किंवा पतीच्या बहिणीने दूध पाजावं. तपशील आपल्या आलिमांना विचारा.

कायदेशीर रस्ते तीन

पहिला: दत्तक. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते. हा पर्याय आहे, सक्ती नाही. यासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मूल दुसऱ्या राज्यातल्या संस्थेतलंही असू शकतं. २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्या आदेशाने कायद्यापुढे मूल सर्व अर्थांनी तुमचंच ठरतं आणि जन्मदाखल्यावर तुमची नावं येतात. दीनदार कुटुंबाने याचा विचार आधीच करावा आणि मुलापासून त्याची ओळख लपवू नये.

दुसरा: नात्यातलं मूल. चाचा, फूफी, मामू, खाला, दादा-दादी, नाना-नानी यांना याच कायद्याने मूल घेता येतं. चुलत किंवा मावस भावाचं मूल या व्याख्येत बसत नाही. सख्ख्या आईवडिलांची संमती लागते आणि नोंदणीही पोर्टलवरच होते. मूल दुसऱ्या राज्यात असेल तर दोन्हीकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षांना आधी भेटा.

तिसरा: पालकत्व. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. वलदियत कायम राहते, म्हणून अनेक मुस्लिम घरं हाच रस्ता धरतात. पण हे पालकत्व मूल १८ वर्षांचं झालं की संपतं.

जवानांनी काय पाहावं?

एक, बदली. पालकत्व घेतलं असेल तर कलम २६ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला त्याच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. अशी परवानगी सर्वसाधारण स्वरूपाचीही मिळू शकते. नोकरी बदलीची आहे हे सांगून ती अर्जातच मागा. दत्तक घेतलं असेल तर मूल पूर्व-दत्तक संगोपनासाठी घरी आल्यापासून दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणी होते. बदली झाली की संस्थेला नवा पत्ता कळवा.

दोन, नेटवर्क. पोर्टलवर मूल सुचवलं गेलं की होकारासाठी फक्त ४८ तास मिळतात. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या भागात असताना तो निरोप हुकू शकतो. म्हणून घरी राहणाऱ्याचा नंबर नोंदवा.

तीन, रजा आणि हक्क. केंद्र सरकारच्या नागरी रजा नियमांत एक वर्षाच्या आतलं मूल दत्तक घेतल्यास, दोनपेक्षा कमी मुलं असलेल्या महिलेला १८० दिवस आणि पुरुषाला १५ दिवस रजा आहे. पालक व पाल्य कायद्याने घेतलेलं मूलही यात धरलं जातं. अट अशी, की ते तुमच्या घरात राहत असावं आणि खास वसीयत करून त्याला पोटच्या मुलाचा दर्जा दिलेला असावा. ही वसीयत लिहिताना वकील आणि आलिम दोघांनाही बसवा. लष्कराचे आदेश वेगळे आहेत, ते युनिटच्या कार्यालयात विचारा. आदेश हाती पडताच मुलाची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये करून घ्या.

हा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. जवानाचा काही भरवसा नसतो. तो उद्या शहीद झाला, तर स्टॅम्प पेपरवरच्या लेकराला ना पेन्शनमध्ये जागा, ना सवलतीत. उलट पोलीस आणि समिती त्याला त्याच्या एकमेव घरातून उचलून नेऊ शकतात. यतीमाला दुसऱ्यांदा यतीम होऊ द्यायचं नसेल, तर कागद आधी करा, पाळणा नंतर बांधा.