डिस्प्ले फॉन्ट म्हणजे काय? मराठी शीर्षकासाठी निवडताना काय तपासाल

डिस्प्ले फॉन्ट म्हणजे मोठ्या आकारात, थोड्या शब्दांसाठी बनवलेला फॉन्ट. पोस्टर, दुकानाची पाटी, ॲपचा बॅनर, यूट्यूबचा थंबनेल ही त्याची जागा. यात परिच्छेद टाईप केलात तर दुसऱ्या ओळीतच डोळे दुखतील. एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ घ्या: अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या पोकळ्यांची फक्त चीर उरते. शीर्षकात झकास दिसतो, पण १६ पिक्सेलला नुसते काळे ठिपके.

बहुतेक डिस्प्ले फॉन्टचं मूळ हाताने काढलेल्या अक्षरांत असतं. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. एक टाइपचाच ‘जैनी’ जैन कल्पसूत्राच्या १५०३ सालच्या हस्तलिखितातल्या वळणावर बेतलाय. हे तिन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात.

लेटरिंग आणि फॉन्ट एक नव्हे

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटली, ती प्रत्येक नावासाठी वेगळी. तिथे ‘र’ची शेपटी हवी तेवढी लांबवता येते, कारण शेजारचं अक्षर ठाऊक असतं. फॉन्ट बनवणाऱ्याला मात्र तुम्ही उद्या काय टाईप कराल हे माहीत नसतं. त्यामुळे प्रत्येक अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी बसायला हवं. देवनागरीत जोडाक्षरं धरून शेकडो आकृत्या काढाव्या लागतात, शिवाय कुठला आकार कधी वापरायचा याचे नियम फॉन्टच्या फाईलमध्ये लिहावे लागतात. काम नेमकं इथेच अर्धवट राहतं.

माझाच किस्सा सांगतो. एका बॅनरवर ‘शेजाऱ्यांना सांगा’ असं लिहायचं होतं. डिझाईनमध्ये फॉन्ट मस्त दिसला होता, कारण नमुन्याच्या मजकुरात ‘ऱ्या’ नव्हताच. बॅनर लाईव्ह गेला तेव्हा तिथे नुक्ता आणि हलंत लटकलेला ‘र’. ही फक्त दिसण्याची गोष्ट नाही. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. फॉन्टने घोळ घातला तर निमंत्रण भलत्यालाच जायचं!

निवडण्याआधी

फॉन्टमध्ये हे शब्द टाईप करून बघा: वाऱ्याने, ॲप, ऑफिस, बाळ, लक्ष्मी, शुक्रवार. ‘ॲ’ नसेल तर ब्राउझर ते अक्षर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उचलतो आणि एकच अक्षर परकं दिसतं. ‘ल’ आणि ‘श’ नीट पाहा. हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो, मराठी ‘ल’ पाकळीयुक्त. मराठी ‘श’ देठयुक्त. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या प्रमाणीकृत वर्णमालेतही हेच आकार आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मराठी रूप बाहेर येण्यासाठी पानाची भाषा एचटीएमएलमध्ये मराठी अशी नोंदवावी लागते. ती हिंदी किंवा इंग्रजी राहिली असेल तर फॉन्टला दोष देऊ नका.

सीएसएसमध्ये दोन गोष्टी. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी शीर्षकात शोभणारी ही युक्ती आपल्याकडे चालत नाही. आणि ओळींची उंची थोडी जास्त ठेवा, नाहीतर वरचा रफार-मात्रा आणि खालचा उकार कापला जातो.

पत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांकडचे अनेक देखणे फॉन्ट युनिकोड नसलेले, जुन्या पद्धतीचे असतात. त्यात दिसतं ‘क’, पण फाईलमध्ये साठवलेलं असतं भलतंच चिन्ह. छपाईला बिनधास्त वापरा. वेबसाईटवर मात्र तो मजकूर ना सर्चमध्ये सापडतो, ना स्क्रीन रीडरला वाचता येतो. ओळखायचं कसं? मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, की तो फॉन्ट वेबसाठी बाद.