सत्ता आणि शासन
पक्षीय राजकारणात ‘सत्ता’ आणि ‘शासन’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात, परंतु त्यांची कुळे भिन्न आहेत. ‘अस्’, म्हणजे असणे, या संस्कृत धातूशी जोडलेल्या ‘सत्ता’चा मूळ अर्थ केवळ अस्तित्व असा आहे. ‘शासन’ मात्र ‘शास्’ या धातूपासून सिद्ध झाले असून त्यात आज्ञेइतकेच शिकवणेही असल्याने ‘शास्त्र’ आणि ‘शिष्य’ ही त्याचीच भावंडे होत. राजाच्या दानाचा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख, यालाही ‘शासन’च म्हणत, कारण त्यातील वचन पुढील राजांनीही पाळावे अशी अपेक्षा असे; हा अर्थ विसरला जाणे ही मोठीच हानी आहे. निवडणुकीने पक्ष सत्ताधारी होतो, परंतु राज्यघटनेच्या १६४व्या अनुच्छेदानुसार राज्याची मंत्रिपरिषद पक्षाला नव्हे, तर विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते.