नवीन नर्सबाई

गेल्या महिन्यात रात्री सव्वादोनला फोन वाजला. या वयात अशा वेळी फोन वाजला की आधी पोटात गोळाच येतो. पलीकडे माझी भाची. बी.एस्सी. नर्सिंग करून पेणच्या एका खासगी रुग्णालयात लागून तिला जेमतेम तीन आठवडे झालेले, आणि ती पहिलीच रात्रपाळी. वॉर्डात ही आणि एक आयाबाई, बस. "मावशी, मला नाही जमणार हे. सकाळी राजीनामा देते," एवढं म्हणाली आणि नुसती रडायला लागली. मागून कुणीतरी सलाईन संपल्याची हाक मारली आणि फोन बंद झाला.

ती पेणला, मी रोह्याला. मध्यरात्री करणार काय? झोप गेली ती गेलीच. उठून चहा केला आणि चाळीस वर्षांपूर्वीची माझी एक रात्र आठवत बसले. घरातल्या मंडळींना ती गोष्ट अर्धीच ठाऊक आहे. उरलेली अर्धी आज लिहितेय. पण आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ती गोष्ट कळायची नाही.

आपल्याकडे नर्स हा शब्द घरात आला तोच मुळी संशय घेऊन. मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं. बायकांसाठी बायकांनी चालवलेलं रुग्णालय. तिथल्या इंग्रज डॉक्टर एडिथ पीची यांनी नर्सेसना शिकवायला सुरुवात केली. १८९१ साली शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव आमच्या पुस्तकात पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून होतं. एका ओळीत. त्या घरी काय सांगून निघाल्या, पहिल्या रात्री त्यांच्या शेजारी कोण होतं, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. परीक्षेला एका मार्काचा प्रश्न यायचा, तेवढ्यापुरत्या काशीबाई!

पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन निघालं. रमाबाई रानडे यांनी तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत बालविधवा होत्या, सोवळ्याओवळ्याच्या घरांतल्या होत्या. परक्या माणसाचं अंग पुसायचं, रात्री घराबाहेर राहायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा! लोक काय बोलले असतील ते मला कुठे वाचावं लागलं नाही. १९८२ साली मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर पेणच्या आमच्या घरात आजी तेच बोलली होती. गंमत म्हणजे हीच आजी सावित्रीबाई फुल्यांचं नाव निघालं की हात जोडायची. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई स्वतः प्लेगला बळी पडल्या, १० मार्च १८९७ ला. सेवा म्हणून केलं तर नमस्कार, नोकरी म्हणून केलं तर कपाळाला आठी. आजीला हे मी कधी बोलून दाखवलं नाही. तेवढी हिंमत कुठली!

आईची भीती वेगळी होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, तोही त्या काम करत होत्या त्याच रुग्णालयात. त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोपर्यंत जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. ज्या मुली त्या वेळी जन्मल्याही नव्हत्या, त्यांनीसुद्धा नोकरीला लागल्यावर ती पाळी केली. आईने पेपरात वाचलं होतं ते पहिलं तेवढं. "रात्री कुठे एकटी जाऊ नकोस," हे एकच वाक्य तिने मला निघताना तीनदा सांगितलं. आणि माझी नेमणूक झाली ती नेमकी एकटीच्या जागेवर.

ही एकटीची जागा कुठून आली? तर आकड्यांतून. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक नर्स आहे. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. १९५१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती. म्हणजे त्या हिशोबाने उरणपासून पोलादपूरपर्यंत सगळ्या जिल्ह्याला मिळून वीस-एकवीस नर्सेस! त्यातल्या खेड्यात किती जाणार?

पूर्ण शिकलेल्या नर्सेस तयार व्हायला वेळ लागणार, म्हणून १९५१ पासून दोन वर्षांचा ए.एन.एम.चा छोटा कोर्स सुरू झाला. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सांगितलं की वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी माणसं नकोत, एकीनेच सगळं करावं. १९७७ पासून कोर्स दीड वर्षावर आला. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांना एक, आणि त्या उपकेंद्रात एक ए.एन.एम. बाळंतपण, लसी, कुटुंब नियोजन, गोळ्यावाटप, रजिस्टरं, सगळं तिच्याकडे.

ती एक म्हणजे मी. वय १९, साल १९८४.

जिल्ह्याचं नाव रायगड होऊन तीन वर्षं झाली होती, तरी जुन्या माणसांच्या तोंडी कुलाबाच होतं. पेणहून एसटीने नागोठणे, तिथून भिसे खिंड ओलांडून रोहा, पुढे दुसऱ्या गाडीने फाटा आणि फाट्यापासून तासभर पायी. गावाचं नाव लिहीत नाही. एका खोलीत उपकेंद्र, मागच्या खोलीत मी. दाराची कडी ढिली होती, म्हणून आतून लोखंडी पलंग सरकवून झोपायचे. शिकताना मागे सिस्टर असायची, हात चुकला की फटका मारायला का होईना, पण असायची. इथे मागे वळून बघितलं तर भिंत.

जूनमधली गोष्ट. पाऊस लागून चार दिवस झाले होते. रात्री दारावर थापा पडल्या, पलंग ओढून दार उघडलं तर वरच्या कातकरवाडीतला एक जण इरलं घेऊन उभा. बायको अडली होती. हे कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं आणि पावसाच्या तोंडाशी परतलेलं, त्यामुळे माझ्या रजिस्टरमध्ये त्या बाईची नोंद नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन नाही, काही नाही. मी बॅग उचलली आणि त्याच्या मागे निघाले. आईचं वाक्य ओढा ओलांडताना आठवलं. तोवर अर्धी वाट संपली होती.

झोपडीत वाडीची सुईणआजी आधीच बसलेली. आम्हाला शिकवलं होतं की सुईणी म्हणजे घाण हात आणि गंजकं पातं. मी गेल्या गेल्या तिला जरा तोऱ्यातच बाजूला व्हायला सांगितलं. ती सरकली, बोलली काहीच नाही. माझं उकळलेलं ब्लेड, उकळलेला दोरा, सगळं पुस्तकातल्यासारखं केलं. मूल झालं, रडलं. वार पडली. मी मनातल्या मनात नारळ फोडला.

आणि मग रक्त थांबेना.

पुस्तकात हे पान होतं. मला पाठ होतं. पोटावरून हात फिरवून गर्भाशय घट्ट गोळा होईपर्यंत चोळायचं, लघवी करवायची, मूल छातीशी लावायचं, मेथर्जिनचं इंजेक्शन द्यायचं. पण त्या क्षणी मला त्यातलं एक अक्षर आठवेना. चिमणीच्या उजेडात मी नुसती बघत उभी. अॅम्प्यूल हातात घेतलं तर काच बोटातच फुटली.

सुईणआजी पुढे सरकली. मला न विचारता तिने बाईच्या पोटावर हात ठेवला आणि गोल गोल चोळायला लागली. दुसऱ्या हाताने मूल उचलून आईच्या अंगावर लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुझं बोट बांध. मग सुई दे. मी धरून हाय."

तिच्या त्या "धरून हाय"ने माझं डोकं जागेवर आलं. बोटाला चिंधी गुंडाळली, दुसरं अॅम्प्यूल फोडलं, इंजेक्शन दिलं, लघवी करवली. आजीचा हात सुटला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. हळूहळू पोट हाताला घट्ट लागलं, रक्त कमी झालं. उजाडल्यावर चार जणांनी डोली करून बाईला फाट्यावर नेलं, तिथून दुधाच्या गाडीने पुढे. आठ दिवसांनी ती चालत वाडीवर परत आली.

इथवरची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे. "मावशीने कातकरणीला वाचवलं" अशी ती सांगितली जाते आणि इतकी वर्षं मी ती तशीच सांगू दिली.

उरलेली अर्धी अशी. परत आल्यावर मी रजिस्टर काढलं. त्यात 'प्रसूती कोणी केली' असा एक रकाना होता. ए.एन.एम. की दाई, एकच लिहायचं. मी माझं नाव लिहिलं. नवीन होते, महिन्याच्या मीटिंगमध्ये आकडे विचारले जायचे, आणि ब्लेड नि इंजेक्शन माझंच होतं की! पण खरं सांगते, लिहिताना हात जरा थबकला होता. बोटाला चिंधी अजून तशीच होती.

पुढच्या वर्षी ती आजी दाई प्रशिक्षणाला आली. सरकारने १९७७ नंतर ३० दिवसांचं ते प्रशिक्षण काढलं होतं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. ते शिकवण्यात मीसुद्धा होते. आजी मुकाट्याने समोर बसायची आणि शेवटी हजेरीवर अंगठा द्यायची. स्वच्छतेचं तिला शिकण्यासारखं होतं, ते ती शिकली. तिच्याकडून मी शिकले त्याला हजेरीपट नव्हता. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली.

म्हणूनच काशीबाईंची ती एक ओळ हल्ली मला पुरत नाही. रजिस्टरात एका नावाची जागा असते, पुस्तकातही तेवढीच. मग पुढची मुलगी ते वाचते आणि तिला वाटतं, आधीच्या सगळ्या एकट्याने उभ्या राहिल्या, मलाच काय ते जमत नाही. भाचीचं रडणं मला तिथलं वाटलं.

आता कितीतरी बदललंय, नाही असं नाही. २००५ नंतर गावोगाव आशा आल्या, २०१४ पासून १०८ ची गाडी आली. आता डोलीऐवजी निदान फोन तरी करता येतो. पण नव्या मुलीला एकटीच्या जागेवर उभं करायची रीत तशीच आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष म्हणतो साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स. भाचीच्या वॉर्डात त्या रात्री अठरा पेशंट होते. ४३,००० च्या मानाने बरंच म्हणायचं! :) पण रात्री दोन वाजता अठरा हाका एकदम येतात तेव्हा ती भीती मुलीच्या स्वभावात शोधू नये, पाळीच्या तक्त्यात शोधावी.

सकाळच्या एसटीने मी पेणला गेले. तिला उपदेश करायचा नाही असं ठरवून गेले होते. चहा घेताना ही सगळी गोष्ट सांगितली, रजिस्टरासकट. मग विचारलं, "तुझ्याबरोबर ज्या आयाबाई होत्या, त्या किती वर्षं आहेत तिथे?"

तिला माहीत नव्हतं. नावही माहीत नव्हतं. वॉर्डात सगळे त्यांना मावशीच म्हणतात.

"विचार," एवढंच म्हटलं. राजीनाम्याचं ती बोलली नाही, मीही काढलं नाही.

पंधरा दिवसांनी फोन आला, या वेळी दुपारी. त्या आयाबाई अठरा वर्षं आहेत म्हणे. एका रात्री त्यांनीच येऊन सांगितलं की चार नंबरचे आजोबा मघापासून गप्प आहेत, घामही आलाय. हिने जाऊन साखर तपासली, फार उतरलेली. डॉक्टरांना उठवलं, ग्लुकोज चालू केलं, आजोबा बोलायला लागले. हिने नोंदीत लिहिलं की आयांच्या लक्षात आल्यावरून तपासले, आणि त्यांचं नाव घातलं. सकाळी इन्चार्ज म्हणाल्या, "हे असं नोंदीत लिहायचं नसतं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पुढच्या वेळी नाही लिहिणार. पण माझ्या डायरीत लिहिलंय."

परवा पहिल्या पगाराची रोह्याला आली. येताना पेणचे पोह्याचे पापड घेऊन आली, दोन पुडे. एक मला, आणि एक परत नेला. कुणासाठी ते विचारायची गरज पडली नाही. नोकरी टिकवणार की सोडणार, तेही विचारलं नाही. पापड तळले आणि खात बसलो.

असो. घरातल्या मंडळींनो, यापुढे ती गोष्ट सांगाल तेव्हा पूर्ण सांगा.