वस्तऱ्याचे सोवळे

गडहिंग्लज हा सीमेवरचा कसबा. हिरण्यकेशीच्या काठच्या या गावात मराठी आणि कानडी पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने नांदत आल्या आहेत, आणि म्हणून केस कापून घेण्यास घराबाहेर पडलेल्या माणसाला या एका कामासाठी निरनिराळ्या कुळांतले शब्द भेटतात : दुकानाच्या पाटीवर फ्रेंचांकडून इंग्रजांमार्फत आलेले ‘सलून’ असते, नाहीतर संस्कृतनिष्ठ हौसेने घडविलेले ‘केशकर्तनालय’ असते, वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘क्षौर’ असते, जे कानडीतही चालते, आणि रोजच्या बोलण्यात अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्या मुलुखात उतरलेली ‘हजामत’ असते. यांपैकी कोणता शब्द अधिक शिष्ट मानावा याबद्दल मतभेद होतील. परंतु या धंद्यातील आरोग्याचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने हजामतीचेच बोट धरावे.

कारण या शब्दाच्या मुळाशी केसांचा संबंधच नाही. अरबीत ‘हिजामा’ म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढणे, आणि ‘हज्जाम’ म्हणजे ते काढणारा. रक्त काढणाऱ्याच्या हाती धारदार पाते असे, तेच पाते दाढीलाही चाले, आणि कालांतराने वैद्यकी मागे पडून दाढी तेवढी शब्दाला चिकटून राहिली. आपल्याकडेही हीच जोडी होती. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण आळशी माणसाच्या निरर्थक उद्योगासाठी वापरतो, पण तीत एका जुन्या पेशाचा दाखला सुरक्षित राहिला आहे : भिंतीला लावावयाच्या तुंबड्या न्हाव्याच्या घरी होत्याच, कारण एरवी तो त्या माणसांच्या पाठीला लावीत असे. विलायतेतही न्हावी आणि शस्त्रवैद्य हे 1540 पासून 1745 पर्यंत लंडनच्या एकाच संघात नांदले. ज्या धंद्याचे नावच रक्तावरून पडले, त्या धंद्याला रक्ताचे भय मात्र फार उशिरा शिकावे लागले. आणि त्या उशिराची कारणे न्हाव्याच्या निष्काळजीपणात शोधणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

आपल्या पूर्वजांनी क्षौराचा विचार केला नव्हता असे नाही. मुलाच्या जावळाच्या प्रसंगी अथर्ववेदात सवित्याला वस्तरा घेऊन आणि वायूला ऊन पाणी घेऊन पाचारण केलेले आहे, आणि ऊन पाण्याने केस मऊ पडून पाते ओढत नाही हे ज्ञान त्या आवाहनात उघड दिसते. त्याच संस्कारात पात्याला, या बालकाला इजा करू नकोस, अशी विनवणीही आहे. सुरक्षिततेची याहून जुनी आणि याहून हळवी सूचना मला ठाऊक नाही. गृह्यसूत्रांनी कापलेले केस वाऱ्यावर न सोडता शेणात घालून पुरण्याची तजवीज केली. चरकाने केस, दाढी आणि नखे पंधरवड्यातून तीनदा काढावीत असा नियम घालून दिला. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंना वस्तरा, तो लावण्याचा दगड आणि तो ठेवण्याची पिशवी बाळगण्याची मुभा आहे. बुद्धशिष्य उपाली, जो परंपरेने विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार मानला गेला, तो पूर्वाश्रमीचा न्हावीच होता.

एवढे सारे असून एक गोष्ट राहून गेली. क्षौर झाल्यावर स्नान केल्याखेरीज घरात शिवू नये, हा शिरस्ता मराठी घरांतून अगदी परवापरवापर्यंत कडकडीत पाळला गेला; म्हातारी माणसे अंगणात किंवा पडवीत क्षौर उरकून तशीच न्हाणीकडे जात. अंगावरचे बारीक केस धुऊन निघत हा त्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे स्नान ग्राहकाचे होते. त्याचे सोवळे त्याच्यापुरते पुरे झाले, आणि वस्तरा मात्र त्याच वाटीतल्या पाण्यात बुचकळून, चामड्याच्या पट्ट्यावर दोन वेळा फिरवून, पुढच्या घरच्या गालावर गेला. धोपटी नावाच्या त्या चामडी पिशवीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नराणी, आरसा आणि वाटी असा सगळा जिन्नस एकत्र नांदत असे, आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या बलुत्याच्या धान्यावर पोट भरणाऱ्या कारागिराने प्रत्येक घरासाठी वेगळे हत्यार ठेवावे, ही अपेक्षा करण्याइतका विवेकशून्य जमाखर्च कोणाच्या मनातही आला नसेल.

येथेच विटाळ आणि स्वच्छता यांचा घोटाळा पुरता उघडा पडतो. एका आजारी दाढीवरून दुसऱ्या निरोगी दाढीवर तोच वस्तरा फिरविताना ज्या समाजाला काही वाटले नाही, त्याच समाजाने अस्पृश्य म्हटलेल्या माणसांच्या दाढीला तो लावू दिला नाही. निरोगी माणूस केवळ जातीमुळे दुकानाच्या पायरीवरून परत फिरला, आणि गालावर नायटा उठलेला सवर्ण आत खुर्चीवर बसला. कोल्हापूर संस्थानात, आणि गडहिंग्लज त्याच संस्थानात होते, शाहू महाराजांनी 1918 मध्ये बलुतेदारी मोडली आणि 1919 मध्ये पाणवठे, शाळा, दवाखाने इत्यादी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. बलुते सुटले म्हणजे कारागीर रोख पैशांचा आणि पुढे दुकानाचा मालक होण्यास मोकळा झाला. या घटनेकडे आरोग्याच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते, पण स्वतःचा नळ, स्वतःचे कपाट आणि स्वतःचा दर ज्याला ठरविता येतो, त्यालाच हत्यार उकळण्याची सवड मिळते.

दुकानात तुरटी आली ती मात्र जुन्या ओळखीने. संस्कृतात हिला स्फटिका, तुवरी, आणि सौराष्ट्रातून येई म्हणून सौराष्ट्रीही म्हणत. ती कातडीवर फिरविली की रक्तातील प्रथिने गोठतात, बारीक वाहिन्या आकसतात आणि खरचटलेल्या जागेचा ओघ थांबतो; एवढे काम ती इमानाने करते. तिने सर्व रोगजंतू मरतात ही समजूत मात्र खोटी आहे, आणि दिवसभर एकच ओला खडा अनेकांच्या ताज्या खरचट्यांवरून फिरत राहिला तर रक्त थांबविणारी तुरटीच रक्त पोहोचविणारी होते. दाढीच्या ब्रशाची हकीकत याहून भयंकर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांतून इंग्लंड-अमेरिकेतील माणसांना काळपुळी, म्हणजे जनावरांचा फाशी रोग, झाली, आणि 1920 मध्ये ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. गालावरून फिरणारा मऊ फेस मृत्यू आणू शकतो हे जगाला तेव्हा कळले.

वस्तऱ्याच्या शब्दाचे मूळ फारसी ‘उस्तरा’. पण त्याच्या सोवळ्याचे मूळ अमेरिकेत आहे. किंग जिलेट याला फेकून देण्याजोग्या पात्याच्या दाढीयंत्राचे पेटंट 1904 मध्ये मिळाले, आणि हत्याराला धार लावून जपण्याऐवजी धारच बदलावी हा विचार रूढ झाला. आपल्या कारागिरांनी त्या पात्याला स्वतःची जोड दिली : दुधारी पाते कागदासकट मधोमध मोडावयाचे, आणि अर्धे वस्तऱ्याच्या आकाराच्या मुठीत बसवावयाचे. हातातली जुनी लकब तीच, धार मात्र प्रत्येकाला नवी. या लहानशा युक्तीचे महत्त्व पुढे दोन रोगांनी सिद्ध केले. 1965 मध्ये ब्लुमबर्ग यांनी ज्याचा माग लावला तो यकृतदाहाचा ‘बी’ विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताचा अंशही त्याला पुरतो. पुढे 1986 मध्ये मद्रासेत भारतातील एच.आय.व्ही.ची लागण प्रथम आढळली. या विषाणूचा जीव शरीराबाहेर फार टिकत नाही, पण त्याच्या धास्तीने जे काम केले ते यकृतदाहाच्या ज्ञानाला करता आले नव्हते : ‘नवं ब्लेड घाला’ हे शब्द ग्राहकाच्या तोंडी बसले.

कारागिराच्या स्वतःच्या देहाची चौकशी तरीही कोणी केली नाही. दिवसभर उभे राहून त्याच्या पायांच्या शिरा फुगतात, कलपातील रसायनाने बोटांची कातडी उलते, आणि कापलेले बारीक केस बोटांच्या बेचक्यात रुतून तेथे चिवट नाडीव्रण होतात, ज्यांना वैद्यकाने या धंद्याचाच रोग म्हणून नोंदविले आहे. हातमोजे, कोरडे केलेले हात आणि बेचक्यांची रोजची धुलाई ही ग्राहकाइतकीच त्याच्या हिताची आहे.

करोनाच्या टाळेबंदीनंतर 28 जून 2020 पासून महाराष्ट्रात सलूनांना परवानगी मिळाली, तेव्हा सरकारी हुकुमाने केस कापण्यास आणि रंगविण्यास मुभा दिली, दाढीला दिली नाही. कारागिरास हातमोजे व मुखपट्टी, ग्राहकास एकदाच वापरण्याचा टॉवेल, आणि प्रत्येक ग्राहकानंतर खुर्ची व हत्यारे निर्जंतुक करणे बंधनकारक केले. ही सर्व तजवीज खर्चाची होती, आणि महिनोन्‌महिने बंद पडलेल्या दुकानांनी तो खर्च पदरचा सोसला. आता गडहिंग्लजच्या पेठेत खुर्चीवर बसणाऱ्याने एवढे करावे : पाते आपल्या डोळ्यांदेखत मोडावयास सांगावे, जुने पाते कचऱ्यात न जाता झाकणाच्या डब्यात जाते की नाही हे पाहावे, कारण तो कचरा उद्या कोणीतरी हातांनीच उचलणार आहे, आणि या साऱ्यापायी दर पाच रुपयांनी वाढला तर कुरकुर न करता द्यावा.