तेदेउम

निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेला आम्ही ख्रिस्ती पोरंही सुकेळी खायला हजर असायचो. त्या वर्षी मात्र गेलो नाही. श्रावणात माझा धाकटा भाऊ तापाने गेला होता. चार वर्षांचा होता. भर पावसात वसईच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

तेव्हापासून आईने संध्याकाळच्या जपमाळेला बसणं सोडलं. आम्ही प्रार्थनेला बसलो की ती चुलीपाशी भांडी घासत राही. आजी तिला एका शब्दाने बोलली नाही.

३१ डिसेंबर आला. सरत्या वर्षाबद्दल देवाची स्तुती करायला त्या दिवशी होली क्रॉस चर्चमध्ये ‘तेदेउम’ व्हायचं. आजी लाल लुगडं नेसून तयार झाली आणि आईला म्हणाली, “चल गं, आज तेदेउम आहे.”

“कशाचे आभार मानू, तुम्हीच सांगा,” आई म्हणाली.

“मला तरी कुठे कळतं त्यात काय म्हटलंय ते. म्हणायचं असतं.”

आई आली नाही. आजी मला घेऊन गेली आणि ते लांबलचक लॅटिन स्तोत्र तिने तोंडपाठ म्हटलं. उच्चार चुकीचे असतील, पण आवाज ठणठणीत! मला तिचा राग आला होता. नातू गेला आणि ही गाते कशी?

पुढे वसईचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा हे तेदेउम पुन्हा भेटलं. हे स्तोत्र चौथ्या-पाचव्या शतकातलं. जवळच्या गासला ज्यांच्या नावाचं चर्च आहे ते संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचेच. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन ब्रदर, आणि जपानमध्ये धर्मगुरूंचे दुभाषी. १५९७ च्या ऐन थंडीत त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना, डावा कान कापून, क्योतोपासून नागासाकीपर्यंत शेकडो मैल चालवत नेलं. वाटेत ते तेदेउम गात होते असं सांगतात. ५ फेब्रुवारीला सव्वीस जणांना क्रुसावर मारलं. त्यांत बारा-तेरा वर्षांची पोरंही होती. हे वाचताना मला संत आठवले नाहीत, आजी आठवली.

दुसरी गोष्ट १७३९ ची. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपियन पाद्रीही गेले. मोजक्या देशी पाद्रींवर एवढी गावं. घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तोंडपाठ जपलेल्या प्रार्थनांवरच लोकांनी बरंच निभावलं असणार. अर्थ कळत नसलेलं लॅटिन माझ्या आजीपर्यंत पोचलं ते अशाच तोंडांतून, असं मला वाटतं. खरं तर फादर स्टीफन्सने १६१६ मध्येच गोव्यात राचोलला मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ छापलं होतं. ओवीत देवाची स्तुती करता येते हे एका इंग्रज माणसाला कळलं, आणि तरी आमची मिस्सा पुढची साडेतीनशे वर्षं लॅटिनमध्येच राहिली! असो.

१९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. आजी कुरकुरली, “बाजारात बोलतो तेच देवळात?” अशाच एका वर्षअखेरीला फादरांनी तेदेउमचा अर्थ मराठीत समजावून सांगितला. आई त्या दिवशी आमच्याबरोबर आली होती. कशी आली, कोणी बोलावलं, मला आठवत नाही.

परतताना अंधार होता. बाबा कंदील घेऊन पुढे. आई एकाएकी म्हणाली, “अर्धं झाल्यावर सगळं मागणंच आहे की हो. वाचव म्हणतात, दया कर म्हणतात. मला वाटायचं नुसतीच स्तुती आहे.”

आजी थांबली. “असं आहे होय?”

“तुम्ही इतकी वर्षं म्हणत होतात ना!”

“शब्द कुठे ठाऊक होते,” आजी म्हणाली, “पण मी तेच म्हणत होते.”

दोघी रहाटापर्यंत काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर आईने तेदेउम कधी चुकवलं नाही. फक्त पहिला भाग ती ओठ मिटून ऐकायची आणि मागण्याचा भाग आला की आवाज लावायची.