गढीचे भाग्य

लिहायचे आहे मुरुडच्या बंद घरांविषयी. (हे मुरुड दापोली तालुक्यातले, जंजिऱ्याचे नव्हे, हा खुलासा दर वेळी करावाच लागतो.) पण सुरुवात घाटावरच्या एका गढीपासून केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल.

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडकडे जाताना जाधववाडी लागते. तेथील गढी पिलाजी जाधवरावांची. शाहू छत्रपतींचे हे सेनानी बाजीरावांच्या उत्तरेकडील मोहिमांत त्यांच्यासोबत होते. गढीचे बांधकाम १७१०च्या सुमाराचे सांगितले जाते. 'इडली, ऑर्किड आणि मी' या आत्मकथनामुळे मराठी वाचकाला परिचित असलेले हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या गढीचा जीर्णोद्धार करून तेथे आलिशान हॉटेल थाटले. दारात तुतारी, मराठेशाही वेषातले सेवक, पोहण्याचा तलाव, शिवाय जुन्या वस्तूंचे 'आई' नावाचे संग्रहालय, असा सारा सरंजाम आहे. तुतारीचे मला थोडे हसू येते. पण महाराष्ट्रात अशा गढ्या गावोगावी ढासळताना आपण पाहतो. कुठे पांढऱ्या मातीसाठी त्या खणल्या गेल्या, कुठे तटाचे दगड शेजारच्या घरांच्या जोत्यांत गेले. त्या हिशेबात तुतारीची किंमत फार नाही.

सप्टेंबर २०१९मध्ये राज्यातील पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा सरकारचा विचार असल्याची बातमी आली आणि मोठा गदारोळ झाला. शिवकाळाशी निगडित किल्ल्यांचा यात संबंध नाही, असे सरकारला सांगावे लागले. तो संताप मला समजतो. मुरुडहून थोडे उत्तरेला गेले की हर्णै बंदर आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ साली कमोडोर जेम्सने घेतलेला हा आंग्र्यांचा किल्ला २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेथे कोणी स्नानगृहासहित खोल्या बांधाव्यात असे माझ्याही मनात येणार नाही. किल्ला सर्वांचा असतो, म्हणून त्याच्यासाठी भांडणारेही पुष्कळ मिळतात. राहते घर मात्र मूठभर वारसांचे. ते कोसळले तर वर्तमानपत्रात चार ओळीही येत नाहीत.

राजस्थानातील नीमराणाच्या किल्ल्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथील राजाने स्वातंत्र्याच्या सुमारास तो सोडला. पुढे चार दशके तो ओसाड होता. १९८६ साली अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी सहकाऱ्यांसह तो विकत घेतला आणि १९९१मध्ये मोजक्या खोल्यांनिशी पाहुण्यांना खुला केला. त्यांच्या रसिकतेचे कौतुक पुष्कळ झाले, ते योग्यच. पण एका साध्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. संस्थानी गादी थोरल्याकडे जाते. विकणारा एक असतो, सही एक असते.

आता मुरुडला या. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारा रस्ता, दुतर्फा जांभ्या चिऱ्यांची घरे: ओटी, पडवी, माजघर, वर माळा, मागल्या दारी विहीर. या गावाने माणसे बाहेर पाठवली ती फार पूर्वीपासून. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावचे. परीक्षेसाठी ते कुंभार्ली घाटाने साताऱ्याला पायी गेले, ती हकीकत सर्वश्रुत आहे. बाहेर पडलेल्यांनी गावाच्या सार्वजनिक कामांसाठी काही वर्गणी द्यावी म्हणून त्यांनी 'मुरुड फंड' काढला. १८९३मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्याच गावाने त्यांच्या घरच्यांना वाळीत टाकले, हेही विसरता येत नाही. असो.

कर्व्यांच्या काळात माणसे गेली तरी घर चालत असे, कारण घरामागे जमिनीचे उत्पन्न होते. १९४८चा कूळकायदा, १९४९चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन यांनी कोकणातली ही व्यवस्था मोडली. ती मोडायलाच हवी होती. खोतांनी कुळांना कसे वागवले याचा इतिहास काही अभिमानाचा नाही. पण त्याबरोबर जुन्या घरांचा आधारही गेला. मुंबई-पुण्याच्या पगारावर दर वर्षी पावसाआधी घर शाकारायचे कोणी? कोकणातले घर बंद ठेवून टिकत नाही. चुलीचा धूर वाशांना कोरडे ठेवतो, तो थांबला की दमट हवेत वाळवी आपले काम सुरू करते. एक कौल सरकले की पावसाचे पाणी थेट भिंतीत उतरते.

मग एखाद्या व्यावसायिकाने हे घर का घेऊ नये? घ्यायला गिऱ्हाईक मिळेल. देणारा कोण, हा प्रश्न आहे. वडिलार्जित मिळकतीत प्रत्येक मुलाचा जन्मतः हिस्सा. २००५च्या दुरुस्तीने मुलींनाही तो मिळाला, आणि ते न्याय्यच झाले. पण तीन-चार पिढ्या वाटणी झाली नाही की सातबाऱ्यावर नावांची रांग लागते. त्यांतले काही वारलेले, काही परदेशी, एक-दोघे कोर्टात. ज्याला घर दुरुस्त करावेसे वाटते त्याला इतरांची संमती मिळत नाही, आणि स्वतःच्या पैशाने सर्वांचे छप्पर नीट करण्याइतके उदार फार थोडे. वाटणी झालीच तर ओटीवर मधोमध भिंत उठते, आणि घर वाचवण्यासारखे उरत नाही.

गढी किंवा राजवाडा हॉटेल झाला की आपण उद्योजकाच्या दूरदृष्टीविषयी बोलतो. पण त्याच्या नजरेला कोणती वास्तू पडावी हे पुष्कळदा आधीच तलाठ्याच्या दप्तरात ठरलेले असते. पिढ्यान् पिढ्या सुतार-गवंड्यांनी हाताने घडवलेले कोकणी घर या पहिल्याच चाळणीतून खाली पडते.

मुरुडला पर्यटक आज भरपूर येतात. त्यांना कोकणी घरात राहायचे असते. हिस्स्यात आलेल्या वाडीत कोणी स्लॅबच्या चार खोल्या बांधतो, रंग देतो, दारात रांगोळी काढतो, आणि उकडीचे मोदक खरोखरच उत्तम करून वाढतो. शेजारच्या सामायिक घराला कुलूप असते. सकाळी चहा घेताना पाहुणे त्याच्या ओटीचे फोटो काढतात आणि विचारतात, हे कोणाचे?