उथळ पाण्याची विद्या

द्रोणागिरीच्या डोंगरावरून ओहोटीच्या वेळी दक्षिणेकडे पाहिले, तर करंजा आणि रेवस यांच्यामधली धरमतरची खाडी नकाशात दिसते तेवढी रुंद उरलेली नसते. सकाळी जिथे पाणी होते तिथे करड्या चिखलाचे पट्टे उघडे पडलेले असतात आणि किनाऱ्यालगतच्या होड्या एका कुशीवर कलंडलेल्या असतात. या प्रदेशाच्या इतिहासाविषयी लिहिणारे बहुधा किल्ल्यापासून सुरुवात करतात. प्रस्तुत लेखात ती या चिखलापासून करायची आहे.

मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. एकाच जागी सकाळी दोन पुरुष पाणी आणि दुपारी घोटाभर, हा येथील नित्यक्रम. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला पंचांग आधी येते, यंत्र नंतर. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकणात सर्वांना ठाऊक आहे. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणाऱ्या लाँचलाही हाच हिशेब लागू. मोठ्या ओहोटीला मोरा बंदरातल्या गाळामुळे फेऱ्या थांबवाव्या लागतात. एकदा अशाच वेळी आमची लाँच धक्क्याच्या अलीकडे संथ झाली, तेव्हा एका प्रवाशाने वैतागून ‘इंजिनात दम नाही का?’ असे विचारले. तांडेल म्हणाला, ‘इंजिनात आहे, पाण्यात नाही.’ तंत्रविद्येवरचे एवढे नेमके वाक्य मी फार थोड्या पुस्तकांत वाचले आहे.

आता १६७९ कडे जाऊ. त्या वर्षी शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले आणि मुंबईच्या इंग्रजांनी ते रोखण्यासाठी जहाजे पाठवली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी मोठी चकमक झाली. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले, परंतु कॅप्टन केग्विन ज्यावर होता त्या ‘रिव्हेंज’ने एकट्याने झुंज देऊन मराठ्यांच्या नौका मागे हटवल्या. इंग्रजी वृत्तांताप्रमाणे त्या नागोठण्याच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या उथळ पट्ट्यापर्यंत ‘पळाल्या’ आणि पाठलाग तिथे संपला. नागोठण्याची खाडी म्हणजे अंबा नदी, अर्थात द्रोणागिरीच्या पायथ्याशी समुद्राला मिळणारे हेच पाणी.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. ‘पळाल्या’ हे क्रियापद कोणाचे आहे? ते खोल बुडाच्या जहाजावर उभ्या असलेल्या माणसाचे आहे. जिथे आपले जहाज जाऊ शकत नाही तिथे दुसऱ्याची नौका गेली, म्हणजे ती पळाली, असे त्याला वाटणे साहजिक. वल्ह्यांवर चालणाऱ्या, हलक्या, थोड्याशा पाण्यात तरंगणाऱ्या नौकांच्या दृष्टीने मात्र तो घराचा उंबरठा होता. त्याच नौका पुढचे तीन महिने रात्रीच्या अंधारात इंग्रजांच्या नाकेबंदीतून निसटून खांदेरीवर रसद पोहोचवत राहिल्या. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली; बेट मराठ्यांकडेच राहिले. या लढाईचा तपशील आपण प्रामुख्याने इंग्रजी कागदांतून वाचतो, त्यामुळे उथळ पाण्यातले कौशल्य आपल्यालाही भित्रेपणासारखे वाचायची सवय लागली आहे. माझ्या मते आपल्या शालेय इतिहासातल्या आरमाराच्या धड्यांचा मोठा दोष हाच आहे.

वल्ह्याचा गुण कोणता? ते उचलता येते. तळ लागला की वल्हे वर घ्यावे, नौका ढकलावी, पुन्हा टाकावे. वाफेच्या आणि मग डिझेलच्या इंजिनाने हा गुण काढून घेतला. लाँचचा पंखा बुडाखाली पक्क्या दांड्यावर बसलेला; तो वर घेता येत नाही. हरवलेला गुण यंत्राला परत मिळाला तो स्टर्नड्राइव्हमध्ये. (त्याला ‘पश्चचालन’ वगैरे प्रतिशब्द काढता येईल, करंजाच्या धक्क्यावर तो कोणी उच्चारणार नाही.) व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात ‘ॲक्वामॅटिक’ हे ऐंशी अश्वशक्तीचे यंत्र मांडले. कल्पनेचा पाठपुरावा अमेरिकन अभियंता जिम विन याने केला होता. इंजिन नौकेच्या आत, मागच्या फळीला लागून. त्या फळीतून बाहेर निघणारा एक पाय, त्याच्या टोकाला पंखा. पाय तळाला आपटला तर वर उचलला जातो, चालकालाही तो बटणाने वरखाली करता येतो.

वाचताना वाटते, खाडीला हवे होते ते हेच. पण येथे खरी गंमत आहे. इंजिन थंड ठेवणारे पाणी त्या पायातूनच आत ओढले जाते. पाय खाली असला की पाण्याबरोबर गाळ येतो आणि पंपातले रबरी चक्र घासून निकामी करतो. फार वर घेतला की पाणी घेण्याची भोके पृष्ठभागावर येतात, हवा शिरते आणि इंजिन तापते. शिवाय पाय उचललेल्या अवस्थेत जोर दिला तर आतल्या सांध्यांवर ताण पडतो. म्हणून उथळ पाण्यात वेग अगदी कमी, नजर तापमानाच्या काट्यावर आणि माणसे पुढे सरकवून नौकेचे मागचे बूड हलके केलेले, अशी जायची रीत.

नौका उभी असतानाही पेच सुटत नाही. आतल्या सांध्यांना झाकणारे रबराचे भाते पाय खाली असताना सैल राहतात. उचलून ठेवला तर ताणून चिरतात, आणि त्या चिरेतून पाणी शिरले तर नौका जागच्या जागी बुडू शकते. म्हणून पाय खाली ठेवावा, असे जाणकार सांगतात. परंतु ओहोटीला तळ चिखलावर टेकणार असेल तर पाय उचलण्यावाचून गत्यंतर नाही. बुडवलेला ठेवला तर त्याच्यावर कवचाचे जीव चिकटतात आणि खारे पाणी ॲल्युमिनियम खात राहते. त्यासाठी जस्ताचे वा ॲल्युमिनियमचे बळीचे तुकडे लावतात: ते आधी झिजतात, पाय वाचतो. जाणता कारागीर प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने यंत्र धुतो, भाते बोटांनी चाचपतो आणि पायातले तेल काढून पाहतो. ते दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले, हे निश्चित. ही सारी कामे मन लावून करणाऱ्यालाही शेवटी तिथी मोजावीच लागते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या नाखव्याचे ज्ञान या यंत्राने रद्द केलेले नाही, फक्त महाग केले आहे.

ज्या पाण्यासाठी हे ज्ञान आहे ते पाणीच आता आटत चालले आहे, ही गोष्ट मात्र वेगळी. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याचा मार्ग टप्प्याटप्प्याने खोदत पंधरा मीटरपर्यंत बूड असणाऱ्या जहाजांसाठी तयार करण्यात आला, आणि दुसरीकडे खाजणांवर भराव पडून द्रोणागिरी नावाचे नगर उभे राहिले. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल येते. मार्ग सुरू झाला तेव्हा त्यावर द्रोणागिरी नावाचे स्थानकही होते. नगराची निंदा करण्याचा हेतू नाही. मीही त्या गाडीने जातो. पण कारभाराच्या कागदांत उथळ पाण्याला नेहमीच ‘पडीक’ जमीन मानले गेले, आणि ते कागदही खोल पाण्याच्या बाजूने उभे राहूनच लिहिलेले आहेत. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने येथील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग अडवले गेले आणि उपजीविका गेली, ही त्या कुटुंबांची तक्रार होती. त्या निकालपत्रात खाडी, खाजण, भरतीचे पाणी हे शब्द वारंवार येतात, आणि या वेळी ते उथळ पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने येतात.